लटारीभाऊंची चतुःसीमा

लटारीभाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलले तेच ओरडून. रजिस्ट्री कचेरीच्या ओसरीत, पंचवीस-तीस माणसांदेखत, त्यांनी माझा कोरा स्टॅम्पपेपर माझ्याच पुढ्यात परत सरकवला आणि म्हणाले, "मी लिहत नाई. घराच्या मागं कोन राह्यते ते मालूम नाई तुमाले, अन् घर घ्याले निंगाल्या!"

मी शाळेतली मास्तरीण. गावातली थोरली माणसंसुद्धा माझ्याशी बोलताना आवाज खाली ठेवत. मी म्हटलं, "वकीलसाहेबांनी कागद पाहिले आहेत. चोख आहेत म्हणाले."

"वकिलानं कागद पाह्यले. घर पाह्यलं काय?"

"नाही."

"तुमी पाह्यलं?"

"पाहिलं की. ओसरीत बसले, चहा घेतला, दोन्ही खोल्या पाहिल्या."

"चहा घेतला!" ते भोवतालच्या लोकांकडे वळले. "घर घेऊन राह्यल्या का चहा घेऊन राह्यल्या, बाई? मागं गेल्या काय, मागं?"

मागं गेले नव्हते. लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टॅम्पपेपर उचलला आणि स्टेशनचा रस्ता धरला. छोट्या लाइनच्या गाडीत नागभीड येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाला जे जे बोलले, ते वर्गात कुणी बोललं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

लटारीभाऊ अर्जनवीस होते. सरकारी परवाना घेऊन लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून द्यायचं काम. तहसिलीच्या गावी त्या ओसरीत असे सात-आठ जण चटया टाकून बसत. लटारीभाऊ जातीनं ढिवर. बाप तलावावर मासे धरायचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण त्या ओसरीतलं. भर उन्हाळ्यातही अंगात काळा कोट, कोटाच्या खिशात शाईची बाटली, आणि बाटली गळायची म्हणून खिसा कायम निळा. अक्षर मात्र असं, की मी मुलींना गिरवायला द्यावं. पाटीवर लिहिलेल्या दरापेक्षा पैसा जास्त घेत नसत. कुणी खुशीनं जास्त देऊ केला तर त्याच्यावरही ओरडत, "मी मागून राह्यलो काय? ठेव खिशात!"

दस्तात घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. त्याला चतुःसीमा म्हणतात. बाकीचे अर्जनवीस विकणाऱ्याला विचारत, तो सांगेल ते लिहीत, अर्ध्या तासात दस्त तयार. लटारीभाऊ उठून त्या गावी जात. आगगाडी, बैलगाडी, नाहीतर पायी. घराच्या मागच्या अंगानं आत शिरत, पुढून कधीच नाही. मग चारी शेजाऱ्यांना बोलावत आणि ज्यानं त्यानं आपल्या कुंपणाला हात लावून मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. तेवढं झालं की मग दौत उघडायची. त्यांचं एक नेहमीचं बोलणं होतं, "कागद चालून जात नाई. मानसानं चालून जावं लागते." दुसरं असं, "वाचल्याबिगर अंगठा नाई." म्हणजे दस्त लिहून झाला की तो सगळाच्या सगळा, ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवायचा, आणि मगच अंगठा घ्यायचा. सरकारी मराठी वाचताना ते मध्येच थांबत आणि म्हणत, "म्हंजे असं, का..." ह्या 'म्हंजे असं का'पायी त्यांची दिवसाला दोन कामंही होत नसत. बायकामुलं कशी जगवत होते, देव जाणे.

आता माझं. पती जाऊन पाच वर्षं झाली होती आणि तेवढ्यात मी चार बिऱ्हाडं बदलली होती. एकट्या विधवेला खोली देताना लोक आधी कौतुक करतात, मग सहा महिन्यांनी त्यांच्या भावाचं लग्न निघतं. चौथ्या घरमालकानं माझं सामान मी शाळेत असताना छपरीत काढून ठेवलं. त्या दिवशी ठरवलं की आता भाड्यानं राहायचं नाही. नागभीडपासून कोसभरावर, माझी शाळा होती त्याच गावात, तलावाच्या अंगाला दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर विकायला निघालं. विकणारे दोघे भाऊ. थोरला दौलत, तोच सगळं बोलायचा. बाईमाणसाला कोणी फसवू नये म्हणून मी आधी वकिलाकडे गेले. दीड महिन्याचा पगार त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं कागद चाळले, मध्येच कुणाला तरी पान आणायला सांगितलं आणि म्हणाला, "चोख आहे. निश्चिंत राहा." ह्या चार शब्दांचा त्यानं दीड महिन्याचा पगार घेतला, ह्याची चीड मला आज इतक्या वर्षांनी लिहितानाही येते.

पुढच्या रविवारी सकाळी लटारीभाऊ न बोलावता गावात हजर. मी घरी असेन-नसेन ह्याची चौकशी नाही, नमस्कार नाही. "चाला मागं," म्हणाले. मी गेले, भांडायचं म्हणूनच गेले. आवाज ऐकून दौलतही मागोमाग आला.

घराच्या मागे सांदवाडी, म्हणजे परसबाग होती, आणि सांदवाडीच्या टोकाला तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला टेकून एक झोपडी. दारात एक म्हातारी जाळं सांधत बसली होती. भागाबाई. दौलतची सख्खी काकी. लग्न होऊन आली ती ह्याच झोपडीत, नवरा गेला तरी इथेच, आणि तलावावरचे मासे विकून पोट भरत होती. मला विकायला काढलेल्या घराच्या कागदावर लिहिलं होतं, "पश्चिमेस तलावाची पाळ." म्हणजे घर आणि पाळ ह्यांच्या मधली सगळी जागा माझी होणार होती, म्हातारीसकट. आणि कागदाप्रमाणे म्हातारी नव्हतीच.

"आबादीच्या यादीत तुहं नाव काऊन नाई, बाई?" लटारीभाऊंनी तिला विचारलं.

भागाबाई जाळ्यातून मान वर न करता बोलली, "मालगुजारी गेली तवा पटवारी आला, घराघराचे नाव लिहाले. मले इचारे, कोनाची बायको? आता मी कसी सांगू? ह्या दौलतले म्हटलं, सांग बाबा तूच. त हा हासे. पटवारी म्हणे, सांग लवकर. मी गप. मंग थो गेला पुढं."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मेल्यावरही नाही. भागाबाईच्या पिढीतल्या बायका घरातल्या देवाची शपथ मोडतील पण हे मोडणार नाहीत. मीसुद्धा शिकलेली, पण अजूनही 'हे' म्हणते. अशा वेळी जवळचा कोणीतरी नाव सांगून मोकळा होतो, ती रीतच आहे. दौलतनं सांगितलं नाही. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी संपली तेव्हा वस्तीतल्या घरांची जी यादी झाली, तिच्यात पटवाऱ्यानं, म्हणजे तलाठ्यानं घाईत त्या जागेवर 'पडीक' असा शेरा मारला आणि भागाबाईचं घर सरकारदरबारी नाहीसं झालं.

लटारीभाऊ दौलतकडे वळले. "काकाचं नाव नाई आलं तोंडातून? तोंडात मासा होता काय रे?"

दौलत चिडला. "तुमचं काम लिहाचं. लिहाचं असन त लिहा, नाई त रस्ता धरा." आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तरीणबाई, सोमवारपर्यंत रजिष्ट्री करा. नाई त आमाले दुसरं गिऱ्हाईक आहे. आन् म्हातारी काय आज हाये, उद्या नाई."

स्टेशनपर्यंत मी लटारीभाऊंबरोबर चालले. त्यांना पटवावं असं मनात होतं. म्हटलं, "मी काही भागाबाईंना काढणार नाही. राहू देत की त्यांना."

"तुमी नाई काढान. तुमच्या मागून येईन थो काढन." मग एकाएकी म्हणाले, "परवाना भेटला त्या साली मी एक दस्त लिहला, बाई. ओसरीत बसून. मालक म्हणे उत्तरेले पडीक, मी लिहलं पडीक. तिथी बुरडाचं घर होतं. चार लेकरं. माह्या अक्षरानं गेलं ते घर. मी पाह्याले गेलो तवा ते बांबू बांधून राह्यले होते, जाऊन राह्यले होते. कुठी गेले कोनाले मालूम नाई." एवढं बोलून परत ओरडले, "म्हनून सांगतो, लिहनार नाई! दुसऱ्याकडं जा!"

मी दुसऱ्याकडे गेले. हे मला लपवायचं नाही. सोमवारी त्याच ओसरीत, लटारीभाऊंच्या चटईपासून चार हातांवर बसलेल्या दुसऱ्या अर्जनविसाकडून मी दस्त लिहवून घेतला. पश्चिमेस तलावाची पाळ. मला घर हवं होतं. माझं सामान पुन्हा कोणी छपरीत काढून ठेवू नये, एवढंच त्या दिवशी मला दिसत होतं. आत साहेबांनी दस्त वाचला आणि विचारलं, "मजकूर समजला? कबूल आहे?"

म्हटलं, "कबूल."

बाहेर आले तेव्हा लटारीभाऊ कुणाचा तरी अर्ज लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ह्या वेळी ओरडलेही नाहीत. "झाल्या मालकीन," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, हे तेव्हा कळलं आणि त्याचाही राग आला.

घरात राहायला गेले. भागाबाई पहिल्याच दिवशी मागच्या दारानं आली, चूल सारवून दिली, आपल्या वाडीतली वांगी दिली. "बरं झालं, बाई. मास्तरीण शेजारी आली," म्हणाली. आणि मग विचारलं, "थो कोटवाला भाऊ आला होता ना, त्यानं रजिष्ट्रीत माहं नाव लिहलं ना?"

मी म्हटलं, "हो."

पुढे वर्षभर महिन्या-दोन महिन्यांनी ती हे विचारायची. बाजारातून आली की, पाऊस लागला की, ताप आला की. "लिहलं ना, बाई?" आणि मी वर्गात मुलींना खोटं बोलू नये म्हणून शिकवून आलेली, दर वेळी म्हणायचे, "हो, लिहिलं."

मग एक दिवस वकिलाचं पत्र आलं. तलावालगतची जागा धानाच्या गिरणीसाठी एका शेठला हवी होती. जागा कागदोपत्री माझी. मागची म्हातारी 'बेकायदा' बसली आहे, तिला काढायचं काम तो स्वतः बघणार होता, फी नंतर दिली तरी चालेल असंही त्यानं मोठ्या मनानं लिहिलं होतं. चोख आहे म्हणणारा तो हाच माणूस. शेठचं मला दस्ताच्या वेळी ठाऊक नव्हतं, पण त्याला होतं? दौलतच्या मागे तोच होता? कोणी मला कधी सांगितलं नाही, आणि मी पुढेही त्याच्या तोंडून ऐकायला गेले नाही. पत्र घेऊन पहिल्या गाडीनं तहसिलीला गेले आणि लटारीभाऊंच्या चटईवर टाकलं.

त्यांनी वाचलं, आणि मग जे तोंड सुटलं ते जवळजवळ कचेरी सुटेपर्यंत चाललं. वकिलाचं काढलं, शेठचं काढलं, दौलतच्या सात पिढ्यांचं काढलं आणि सगळ्यात जास्त माझं. "शिकल्या ना तुमी? वाचता येते ना? म्हातारीले वाचता नाई येत म्हनून थे फसली. तुमी वाचून कबूल म्हटलं!" मी ऐकून घेतलं. त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. शेवटी घसा बसला तेव्हा त्यांनी दौत उघडली.

मी म्हटलं, "असा कागद लिहा की ती जागा पहिल्यापासून भागाबाईंचीच होती."

"तसा नाई लिहता येत आता. रजिष्टरात मालकीन तुमी. मालकाले देताच येते फक्त. दानपत्र करावं लागन. मागची जागा, झोपडी, तलावावर जायाची वाट, सारं लिहून द्या म्हातारीले."

"द्या लिहून," मी म्हटलं.

रविवारी ते आले. मागच्या अंगानं. उत्तरेचा शेजारी कुंपणाला हात लावून नाव सांगून गेला, दक्षिणेचा सांगून गेला, पश्चिमेला तलावाची पाळ, ती त्यांनी स्वतः पायांनी मोजली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पूर्वेले कोन?" आता भागाबाईच्या जागेची पूर्व म्हणजे माझं घर. मी कुंपणाला हात लावला आणि माझं नाव सांगितलं. भागाबाई कौतुकानं पाहत होती. तिच्यासाठी एवढी माणसं गोळा झालेली तिनं जन्मात पाहिली नव्हती.

नवऱ्याच्या नावाचा प्रश्न आला तेव्हा लटारीभाऊंनी तिला विचारलंसुद्धा नाही. उत्तरेच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला दूर नेऊन त्याच्याकडून नाव घेतलं आणि भागाबाईला म्हणाले, "बाई, पयले तुहं नाव लिहलं. त्याइचं मागून." त्या एका वेळी त्यांचा आवाज मी हळू ऐकला.

मग वाचायची वेळ आली. मी त्यांना बाजूला बोलावलं. अक्षरशः हात जोडले. "भाऊ, ते पहिलं कलम तेवढं वाचू नका. मी मालकीण आहे, अमुक तारखेला खरेदी केली, ते. बाकी सगळं वाचा. मी तिला वर्षभर सांगत आले आहे की तिचं नाव आहे म्हणून."

"वाचल्याबिगर अंगठा नाई."

"तिला काय फरक पडतो? जागा तर तिला मिळतेच आहे!"

"मिळते आहे," ते म्हणाले. "कोनाकडून मिळते, ते तिले मालूम झालं पायजे." आणि जाऊन बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

ते एकेक ओळ वाचत होते, थांबत होते, 'म्हंजे असं का' म्हणत सांगत होते. मी पाठ असलेली प्रार्थना ऐकावी तशी ती ओळ येण्याची वाट पाहत उभी होते. ती आली. "सदर जागा मी खरेदी केलेली असून माझ्या मालकीची आहे. म्हंजे असं का, बाई, ही जागा आता ह्या मास्तरीणबाईच्या नावानं आहे. थ्या तुले देऊन राह्यल्या."

भागाबाईचा हात अंगठा द्यायला पुढे आलेला होता. तो तिथेच राहिला. ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

"माहं घर तुमी मले देऊन राह्यल्या?" ती म्हणाली. "मंग घेतलं कवा होतं, बाई?"

शेजारी जमिनीकडे पाहत होते. लटारीभाऊंनी पुढचं कलम वाचलं नाही, मला सोडवायलाही आले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत थांबून राहिले. शेवटी मी तारीख सांगितली. भागाबाईनं ती ऐकली आणि म्हणाली, "वाचा, भाऊ." पूर्ण ऐकून तिनं अंगठा दिला.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, त्याच झोपडीत, आणि तिथून तिला कोणी हलवू शकलं नाही. वकिलानं खटपट केली, लटारीभाऊ लोकांची कामं अडवतात असा अर्ज केला आणि त्यांचा परवाना काढून घेतला गेला. मी कचेरीत जाऊन माझं म्हणणं मांडलं. साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला ह्यातलं समजत नाही. लटारीभाऊ पुढे बाजारात बसून लोकांची पत्रं लिहायचे. तीन पावसाळ्यांनी गेले. ज्या कचेरीत त्या बुरडाच्या दस्तानंतर त्यांनी एकही खोटी ओळ लिहिली नाही, तिथला एक माणूस त्यांच्या मातीला आला नाही. ह्याचा राग मी कुणावर काढू?

भागाबाई माझ्याशी बोलायची. वांगी द्यायची, ताप आला तर बसायला यायची. पण त्या रविवारनंतर तिनं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. कागदात काय आहे, पोस्टातल्या पत्रात काय आहे, पटवारी काय म्हणाला, काहीही. वाचून घ्यायचं असलं की ती जाळं खाली ठेवायची, पदर खोचायची आणि कोसभर चालत नागभीडला जायची, मास्तरीणबाईच्या दारावरून.